पोटातलं पाणी

खाडीवर बंदीचा फलक लागला
तेव्हा सगळ्यांनी मेंढ्यांकडे बघितलं.
साडेतीनशे मेंढ्या, खाऱ्या गवतात गुडघाभर,
आणि त्यांच्यामागे गेथिन, एका खांद्यात वाकलेला,
ज्याला वेल्शमध्येही फार बोलता येत नाही.

पाण्यात विष्ठा आहे, एवढं आमच्या प्रयोगशाळेने सांगितलं होतं.
कुणाची, ते नाही.
नेहमीच्या चाचणीतला जिवाणू सगळ्यांकडे राहतो,
गाईत, सीगलमध्ये, कुत्र्यात, पाद्रीबाईंत.
साक्षीला बोलावला की
नुसता हो म्हणतो.

चॅपलमागच्या हॉलमध्ये सभा झाली.
टेगवेन उभी राहिली. म्हणाली,
चार महिने माझं दाताळं भिंतीला टेकून आहे,
शिंपल्या वाळूत म्हाताऱ्या होतायत.
म्हणाली, मेंढ्या हलवा.
कुणाच्या पोटातलं पाणी हललं नाही.
मग चहा. दोन मोठ्या किटल्या, मनुकांचा केक,
आणि मग संडासापुढे रांग.
मीही होते रांगेत.
गेथिन बाहेर पायरीवर बसला होता, टोपी गुडघ्यावर.
बळीचा बकरा म्हणतात,
बळीची मेंढी कुणी म्हणत नाही. एवढाच काय तो फरक.

पहाटे पावणेपाचला, ओहोटीला,
मी सहा बाटल्या भरल्या. बर्फात ठेवल्या.

हे पाणी इतक्या बारीक गाळणीतून काढायचं
की जिवाणू वरच अडकतील,
आणि खाली उतरतील फक्त
त्या जिवाणूंना खाणारे विषाणू.
मग एक जिवाणू घ्यायचा,
माणसाच्या आतड्यातून आणलेला,
हवा लागली की मरणारा.
त्याला बंद पेटीत, हातमोज्यांच्या भोकांतून
पहिल्या बाळासारखं सांभाळायचं,
कोमट आगरमध्ये कालवायचं,
त्यात ओतायची खाडी,
एक मिलिलिटर.

गटारात राहून हा विषाणू इतका सोवळा
की दुसऱ्या कुणाच्या हातचं खात नाही.
एकच घर. तिथेच जेवतो,
आणि तेच घर फोडून बाहेर पडतो.
मेंढीच्या दारात तो उभाही राहत नाही.

रात्रभर सदतीस अंश.

सकाळी बशीत जिवाणूंचा साय धरल्यासारखा थर,
आणि थरात भोकं.
वाफ धरलेल्या खिडकीवर
कुणी बोटं टेकवून बाहेर बघावं तशी स्वच्छ, गोल.
मी मार्करने एकेक टिंबत गेले.
मेंढ्यांच्या चराखाली: शून्य.
पुन्हा बघितलं. शून्य.
पुलाखाली: दोन.
चॅपलच्या मोरीखाली: एकसष्ट.

पोटातलं ओठावर येत नाही आमच्या गावात.
दुसऱ्या वाटेने येतं.

हिरवा रंग ओतला हॉलच्या संडासात,
साखळी ओढली,
आणि आम्ही ओढ्याकडे चालत गेलो.
रंग आमच्याआधी पोचला होता.
दोन वर्षांपूर्वी नवी फरशी घातली तेव्हा
पाइप पावसाच्या नळीला जोडला गेला होता.
काम टेगवेनच्या दिराने केलं होतं, स्वस्तात,
चॅपलसाठी म्हणून.

त्या एकसष्टांत माझं कुठलं, हे मी बशी उजेडात धरून
उगाच शोधलं.
विषाणूला जात कळते. नाव कळत नाही.

दुपारी गेथिनकडे गेले.
तो एका मेंढीचा खूर कातरत होता,
तिला मांडीवर उलटी बसवून, म्हातारीसारखी.
मी सगळं सांगितलं. आकडेही सांगितले.
तो बराच वेळ गप्प. खुरातला चिखल काढला.
मग म्हणाला,
"मी आत गेलोच नव्हतो."

मेंढी सुटली, धडपडली, उभी राहिली,
आणि तिथेच, माझ्या बुटांजवळ,
निवांत लेंड्या टाकून गेली.