पाणी कुठवर आलंय

आमच्याकडे पूर मोजायला यंत्र लागत नाही.
दुतोंड्या मारुतीकडे बघायचं.
पाणी पावलांशी, तर टपऱ्या हलवायच्या.
गुडघ्याला आलं की भांडी बाजारातले
खालच्या फळीवरचे हंडे वर चढवतात, चहा पीत, न घाबरता.
कमरेला, म्हणजे सराफ बाजार गेला.
छातीला लागल्यावर कुणी मोजत नाही,
मग फक्त एकमेकांना हाका मारतात.

गंगेकाठच्या पोराला हे दुधाच्या दातांबरोबर येतं.
दुसरं पाणी ओळखायला मला एकतीस वर्षं लागली.

मी गांगुर्डे, महासभेचा लघुलेखक.
पीठासनाच्या डाव्या हाताला, पंख्याखाली,
ज्याच्याकडे कुणी बघत नाही तो.
सात महापौर नुसत्या खोकल्यावरून ओळखेन.
साहेब आठवे.
रीतसर निवडून आलेले, भरघोस मतांनी.
त्यांत एक मत माझं.
इतिवृत्तात हे नाही, म्हणून इथे लिहितो.

पहिल्याच सभेत विमलताई दोंदेंनी विचारलं,
पंचवटीतल्या दिव्यांचं बिल दुप्पट कसं?
साहेब हसले. म्हणाले,
ताई, अंधार आवडतो का तुम्हाला?
सभागृह हसलं. मीही हसलो.
उत्तराच्या जागी कंसात लिहिलं, (हशा).
पावलं भिजली होती. कळलं नाही.

मग प्रश्नोत्तरं शेवटच्या तासाला गेली
आणि शेवटचा तास जेवणाला गेला.
भाषणातली ‘महापालिका’ आटत आटत
‘मी’ झाली.
लघुलिपीत ‘मी’ म्हणजे इवलीशी रेघ.
त्या वर्षी माझ्या वह्या भरता भरेनात.

लेखापरीक्षणाच्या कुलथेबाईंची बदली झाली.
निरोपाला साहेबांनी स्वतः येवल्याची पैठणी दिली,
आणि गुच्छ एवढा मोठा
की त्याच्यापलीकडून
‘का?’ विचारणारं तोंडच दिसलं नसतं.

अस्लम खतीब उभे राहिले की माइक खरखरायचा.
वायरमन शपथेवर सांगायचा, वायर ठणठणीत आहे.
सकाळच्या पेपरात खतीब शहराचे वैरी.
शहर म्हणजे कोण,
ते तोवर आमच्या परस्पर ठरून गेलं होतं.

गुडघा.
मी हंडे हलवले नाहीत.

एकदा केबिनमध्ये बोलावलं.
इतिवृत्तातल्या ओळीवर नख ठेवलं:
‘विरोध नोंदवण्यात आला.’
गांगुर्डे, हे ‘एकमताने’ करून टाका.
घ्या, चिवडा घ्या.
चिवडा खमंग होता. आवाज जराही चढलेला नव्हता.
मला वाटायचं, धमकी आली तर ओळखू येईल,
दार आपटत येईल.
ती माझ्या मुलाच्या नोकरीची चौकशी करत आली.

केलं मी. एकमताने. पाच अक्षरं.
खोडरबराचा चुरा उडवायला एक फुंकर पुरली.

आणि परवा साहेब म्हणाले,
सिंहस्थाची कामं तोंडावर आहेत,
निवडणुकीची घाई आहे कुणाला?
लोकांनाच नकोय.
टाळ्या. लांब टाळ्या.
मी बाकांवरून नजर फिरवली, आधी कोण थांबतंय बघायला.
प्रत्येक जण तेच बघत होता.

संध्याकाळी गंगेवर गेलो.
मारुती कोरडा ठणठणीत.
पोरं त्याच्या पायाशी क्रिकेट खेळत होती.
एक तोंड येणाऱ्या पाण्याकडे, एक गेलेल्याकडे.
मला एकच, आणि तेही
एकतीस वर्षं दुसऱ्यांचं बोलणं उतरवण्यात गेलेलं.

घरी माळ्यावरून पेन्सिलच्या वह्या काढल्या.
त्यांत विरोध अजून आहे,
नावानिशी, तारखेनिशी, खरखरीसकट.
टंकलेली प्रतच तेवढी खोडली होती मी.
ही लिपी वाचणारं आता ऑफिसात कुणी नाही.

पिशवी भरली. रात्री साडेनऊला
विमलताईंची कडी वाजवली.
त्यांनी वह्या पाहिल्या, मला पाहिलं,
चष्मा पदराला पुसला.
किती आलंय, गांगुर्डे?

मी छातीवर हात ठेवला.