बोबडा हात

आईला ऐकू येत नाही, जन्मापासून.
ती हातांनी बोलते, आणि हातचं राखून कधीच नाही.
डलूथच्या छापखान्यात एकतीस वर्षं
यंत्रांच्या खडखडाटात बाकीचे घसा फोडायचे,
ती खोलीच्या या टोकाहून त्या टोकाशी
निवांत गप्पा मारायची.

मग उजव्या हाताची बोबडी वळली.
आधी कॉफीचा कप.
मग चेकवरची सही: इर्या कांगास,
शेवटचं अक्षर बर्फावरून घसरलेलं.
मग वाक्यं.
'उद्या' म्हणायला जावं तर अंगठा गालापाशीच
उद्या, उद्या, उद्या, उद्या.
क्लबातल्या मैत्रिणी
तोतऱ्याचं वाक्य आपण पुरं करतो तसं
तिचं पुरं करू लागल्या.
आई गप्प झाली. म्हणजे
हात मांडीखाली घेऊन बसू लागली.

दवाखान्यात तिला कागदावर गोगलगायीचं शंख काढायला लावलं.
निघाली उसवलेल्या मोज्याची लोकर.
नर्सने मनगटावर पट्टा बांधला,
घड्याळासारखा, वेळ न सांगणारा.
हात वर धरायचा; आधी तो कंप मोजतो,
मग त्याच ठेक्यात दोन नसांना टिचक्या मारत राहतो.
मी खुणांनी सांगितलं: चाळीस मिनिटं बोटांत मुंग्या.
बरं नाही होणार. तासभर थांबेल. कधी दीड तास.
तिने विचारलं:
तासात शब्द किती बसतात?

पहिल्या तासात तिने कॉफी घेतली नाही.
सहीही करून पाहिली नाही.
स्वयंपाकघरात उभी राहून
दोन वर्षांची थकबाकी वसूल केली:
शेजाऱ्याचं बर्फ ढकलायचं यंत्र,
माझे केस, माझा नवरा,
आणि बाबांना पुरलं त्या दिवशी
मी घातलेले ते पिवळे बूट.
प्रत्येक शब्द धुऊन, इस्त्री करून.
मी ओट्याला टेकून रडत होते,
आणि ती म्हणत होती, रडू नकोस, बघ इकडे,
माझं अजून संपलं नाही.

तेवढ्यात तोइवो आला, दोन वर्षांचा.
तीन बोटं हनुवटीला लावली
आणि हात थरथरवला. पाणी.
आजीकडूनच शिकलेला शब्द,
थरथरीसकट.

आईने त्याला म्हणून दाखवलं, स्वच्छ, स्थिर: पाणी.
तो बघत राहिला.
खाली पुलापाशी हंगामातल्या पहिल्या जहाजाने भोंगा दिला;
तो मला ऐकू आला, त्यालाही. त्याने मान वळवली नाही.
आजीची बोटं मुठीत धरली
आणि गदागदा हलवली:
असं. चुकतेयस तू. असं.

आईने मनगटाकडे पाहिलं.
पट्ट्याचा लाल वळ अजून होता.
मग तिने पेला काठोकाठ भरला
आणि उजव्या हातानेच आणला.