शेवटाक काय जाता

पुस्तकात कांदा चिरायला सात पानं लागतात.
सिनेमात तो चिरलेलाच आला,
पांढऱ्या बशीत, कुणाच्या हाताला वास न लागता.
मी मनात म्हटलं, बाई, तुझी खानावळ चालायची नाही.

वेंगुर्ल्याच्या ग्रंथालयाची गच्ची. पडदा म्हणजे
गिरपांच्या मांडवाचं कापड, मधोमध शिवण.
नायिकेचं तोंड शिवणीवर आलं की ओठ जरा वाकडे व्हायचे,
तेवढ्यापुरती ती मला खरी वाटायची.

तिच्या हातचं सार प्यायले की लोक
खुर्चीवरून वीतभर वर उचलले जात.
पाद्री, पोस्टमन, नवऱ्या मुलाची आत्या,
चमचे धरून तरंगत.
पोरं खिदळली.
फिलोमिना म्हणाली, "माका गॅसान असा होता."

दोन खुर्च्या सोडून बर्फाच्या कारखान्यातले रेडकर.
नऊ वर्षं दुपारचं माझ्याकडे जेवतात,
मीठ कमी की जास्त, कधी बोलले नाहीत.
लोक तरंगू लागले तेव्हा
त्यांनी खाली स्वतःच्या चपलांकडे पाहिलं.
पाहिलेलं मी पाहिलं.

मग तो तिच्या दाराशी आला,
तिनं पिठानं माखलेला हात पुढे केला
आणि लाईट गेली.

काळोखात जेटीवरून सुक्या मासळीचा वास चढून आला.
कुणी बॅटरी शोधली, कुणाचं मूल रडलं.
अर्ध्या तासानं गच्ची रिकामी.
जिन्यात मागून आवाज,
"तुमी पुस्तक वाचलात मा? शेवटाक काय जाता?"

पुस्तकात तो बोटीत बसून जातो.
ती त्याचं ताट वर्षभर मांडते,
मग एक दिवस त्यात मांजराला दूध घालते.
पान दोनशे चौऱ्याहत्तर. माझ्या कोकमाचा डाग आहे तिथे.

"जेवतत," मी म्हटलं. "दोघाय जेवतत."
"इतक्याच?"
"इतक्याच."

दुसऱ्या दिवशी बांगड्याच्या तिखल्यात
तिरफळं मोजून टाकली. एरवी मोजत नाही.
ताट ठेवलं, आणि पडलेलं फडकं उचलायच्या निमित्तानं
टेबलाखाली वाकले.

चपला जमिनीवर होत्या.
पाय त्यांत नव्हते.

खुर्चीतच मांडी घालून बसले होते,
बांगड्याचा काटा सोडवत.
भात वाढू, मी विचारलं.
"वाढा," म्हणाले,
आणि नऊ वर्षांत पहिल्यांदाच,
"मीठ जरा जास्त पडलां."