कोपर

चार महिने गावस मास्तरांनी पिशवी दाखवलीच नाही.
नुसती नळी, आठ भोकं.
"बोटं निजव. आपटू नको."

मग एका पहाटे, रायबंदरच्या धक्क्यावर
बॅगपाइप काखेत आला,
अंग चोरणाऱ्या मांजरासारखा.
फुंकलं. गाल पेटले.
जे काही बाहेर पडलं
त्याने तीन कुत्री उठली,
आणि एस्पेरान्साबाय पिशवी घेऊन दारात:
"आयज पोदेर बेगीन आयलो?"

मास्तर हसले नाहीत.
हसले की खोकला येतो;
पलटणीत फुंकलेलं सगळं
आता छातीत घरघरतं.
मागे येऊन उभे राहिले,
माझ्या कोपरावर कोपर ठेवलं.
"तू फुंक. दम घेशील तेवढ्यात मी दाबतो."

माझा श्वास तुटला.
सूर चोडणच्या फेरीबोटीमागोमाग
अर्ध्या नदीपर्यंत गेला,
थोडा वाकडाच.