पिवळा दिवा

हिरवा दिवा: बोला.
पिवळा: आवरतं घ्या.
लाल: बसा.
तीन बटणं, आणि ती दाबणारी मी,
नगर परिषदेची साहाय्यक लिपिक, अकरा वर्षं.

खिडकीबाहेर सुपीरियर सरोवर काठाकाठाने गोठत आलंय.
आत समाजसेवा समितीसमोर
यंदाचे उरलेत एकोणीस हजार डॉलर,
आणि मागणारे चौदा.

पाचही सभासद वेळेवर आलेत, हे मान्य करायला हवं.
डेल्फीन थिबोने सगळे अर्ज खरंच वाचलेत,
समासात पेन्सिलीने प्रश्न लिहून आणलेत.
ऑरिन हाल्वरसनच्या खिशात खोकल्याच्या गोळ्या,
तो त्या बोलणाऱ्यांनाही देतो.
वाईट माणसं नाहीत ही.
वाईट असती तर घरी जाऊन मला झोप लागली असती.

आधी स्केटिंगच्या मैदानाशेजारची शेकखोली: छप्पर गळतंय.
मग डायलिसिसवाल्यांची गाडी.
मग टाय लावलेला एक तरुण,
'सक्षमीकरण' नऊ वेळा म्हणाला
आणि हिरव्यातच संपवून बसला.

मग इर्या कांगास, वय सत्त्याहत्तर.
चर्चच्या तळघरात दर गुरुवारी
बेघरांचे कपडे धुते.
माइककडे जायच्या आधी ती रेडिएटरकडे गेली,
ओले हातमोजे त्यावर पसरले,
अंगठे नीट सरळ केले,
आणि मग म्हणाली, "एक ड्रायर. जुना मेला."

"वर्षाला लाभार्थी किती?" हाल्वरसन.
"माणसं मोजत नाही. घाणे मोजते.
अकराशे चाळीस."
"पण याचा परिणाम कसा दाखवणार?"
तिने खरंच विचार केला.
"मोजे कोरडे होतात."
मागे कुणीतरी हसलं. ती नाही हसली.
"ओल्या मोज्यांत उणे वीसला रात्र काढली
की सकाळी पायाची बोटं..."

पिवळा.
मीच दाबला. दाबावाच लागतो.

नियमाने पिवळा तीस सेकंदांचा.
माझ्या अखत्यारीत कुठलाही निधी नाही.
मी बेचाळीस सेकंद दिले.
त्या वरच्या बारा सेकंदांत तिने सांगितलं
की एक माणूस, नाव नाही सांगणार,
ड्रायरमधून काढलेली गरम पँट
तोंडाला लावून उभा राहिला,
आणि रांगेतलं कुणी त्याला
पुढे सरक म्हणालं नाही.

लाल.

चर्चा पावणेदोन तास चालली.
कुणाच्याही तोंडाला पानं पुसायची नाहीत
यावर सगळ्यांचं एकमत.
म्हणून ठराव: प्रत्येकाला मागणीच्या चाळीस टक्के.
थिबोने हात वर केला, पण कोपरापर्यंतच.
मी तो वर धरला.

चाळीस टक्के छप्पर.
डायलिसिसला न्यायला गाडी, परतीचं बघू.
चाळीस टक्के ड्रायर:
बहुतेक नुसता ड्रम, दाराशिवाय.
सक्षमीकरणही चाळीस टक्के,
त्याला मात्र फरक पडला नसावा.

इतिवृत्तात मी लिहिलं:
विषय क्रमांक सात, श्रीमती कांगास, तीन मिनिटं.
अकरा वर्षांतली माझी पहिली खोटी नोंद.
कुणी तपासणार नाही.

सगळे गेल्यावर ती रेडिएटरपाशी आली.
हातमोजे पापडासारखे कडक झाले होते.
एक हातात घातला, बोटं उघडमीट केली,
माझ्याकडे बघून म्हणाली,
"हे छान गरम असतं हो. रात्री बंद करता का?"

नाही करत, मी म्हटलं.
पाइप गोठून फुटू नयेत म्हणून
हिवाळाभर चालू असतो.
त्याची तरतूद आहे.
वेगळ्या शीर्षाखाली.