कलम सात

निपानियाचा भाव ऐकून मी नुसते पाणी प्यायले.
राऊ तर केव्हाच हाताबाहेर.
झंवरभाई म्हणाले, मावशी, मांगलिया बघा,
अजून स्वस्त आहे.

हरभऱ्यात चुना फासलेले दगड, दगडांवर नंबर.
इथे गार्डन, इथे मंदिर, पुढेमागे मेट्रो:
त्यांचे बोट हवेत रस्ते काढत होते.
मी विचारले, पिठाची गिरणी कुठे?
नर्मदेचे पाणी किती वाजता?
रात्री दहाला परतायला मॅजिक मिळते का?

"तुम्हाला कुठे राहायचंय? पैसा तर गुंतवायचाय."

एकतीस वर्षे रामबागेत भाड्याने काढली,
घर बघायची दुसरी रीत मला येत नाही.

शेवटी गिरणीमागचा एक जुना फ्लॅट घेतला,
शेजारच्या बाल्कनीत
लंगोट वाळत होते म्हणून.

आज भाडेकराराचा छापील नमुना आला.
कलम सात: भिंतीला खिळा ठोकू नये.
आमचे कॅलेंडर
एकतीस वर्षे खिडकीच्या गजाला लटकत होते,
वारा आला की तारखा फडफडायच्या.

पेनाचे टोपण काढून बसले आहे.
भिंत नुकतीच रंगवलीय,
अठरा हजार लागले.