एक मिनिट दहा सेकंद

शरणपूर रोडला, मेडिकलच्या वर,
एक कपाट आहे. आत माणूस मावतो.
मंगळवारी आणि शुक्रवारी मी मावते.

पगारे सिस्टर काळा चष्मा देतात.
“डेर्ले, हात वर. हलू नको.”
दार लागतं, नळ्या पेटतात.
पंख्याची घरघर, तापल्या धुळीचा वास.
डोळे मिटून मी आकडे मोजते
लपाछपीत मोजायचे तसे.
राज्य माझ्यावरच, आणि लपलेलीही मीच.

अतिनील. निळ्याच्या पलीकडचं.
डॉक्टर म्हणाले, हे डोळ्यांना दिसत नाही.
कातडीला दिसत असावं.
मनगटावरच्या पांढऱ्या चट्ट्यात
दिवाळीनंतर मोहरीएवढा ठिपका उठला,
एका केसाच्या मुळाशी. मग दुसरा.
रोज मोजते. काल अकरा होते.

निघताना तेच डॉक्टर सांगतात,
उन्हात फिरू नका. स्कार्फ, हातमोजे,
मलम दर तीन तासांनी.
सूर्याकडे घड्याळ नाही ना.
चट्टा दहा मिनिटांत लाल होतो
आणि रात्रभर आग आग.

आई मोहाडीला, द्राक्षाच्या बागेत.
मण्यांत पाणी भरलं की
घडाघडाला जुना पेपर गुंडाळायचा.
उन्हाचा डाग पडला तर माल बाहेर जात नाही.
तिच्या मानेवर, पोलक्याच्या गळ्यावर,
काळा अर्धा चंद्र आहे, हात फिरवला तर खरखरीत.
मलम लाव म्हटलं की म्हणते,
“मला कुठं एक्स्पोर्टला जायचंय?”

एकदा एका घडाला रविवारचं पान आलं.
वधू पाहिजे. गोरी, निर्व्यंग, शक्यतो नाशिकची.
आईने ते उलटं करून गुंडाळलं,
अक्षरं आत, द्राक्षांकडे.
मी बघितलं, हे तिला कळलं.
पुढच्या घडाला तिने क्रिकेट लावलं.

या शुक्रवारी ती सोबत आली.
कपाटात वाकून बघितलं, नळीवर बोट टेकवलं.
“किती वेळ उभं करतात?”
एक मिनिट दहा सेकंद.
“एवढ्याला एवढे पैसे? बागेत फुकट मिळतंय की.”
पगारे सिस्टर तोंडावर रुमाल धरून हसल्या.

परतीच्या एसटीत जागा दोनच होत्या.
काही न बोलता ती उन्हाच्या बाजूला सरकली,
खिडकीची काच अडकलेली, वर होईना,
दंड, कान, अर्धी मान उन्हात.
म्हसरूळ मागे पडलं. तिला डुलकी लागली.

तिच्या सावलीत मी ओढणी सरकवून बघितलं.
बारा.
किंवा बारावा नुसता धुळीचा कण असेल.
पुसून बघितला नाही.